ठकूबाईचा पूल

आगगाडी चारा खाते की पाला, यावर खडकोंडीत पैजा लागत, तेव्हाची ही गोष्ट. फार वर्षं झाली. घाटातलं लाकूड बंदरावर न्यायला एका गोऱ्या साहेबानं धामणेरी नदीवर साखळ्यांना टांगलेला रेल्वेचा पूल बांधला. त्यासाठी गावाचा झुलता साकव मोडला, तोही कुणाला न विचारता. ठकूबाई धनगरणीच्या चाळीस शेळ्या अलीकडे अडकल्या आणि चारा राहिला पलीकडे. गाडी पार झाल्याशिवाय पुलावर खूर पडता कामा नये, असा साहेबाचा हुकूम होता.

आणि गाडी काही पार होईना. इंजिन डबे घेऊन पुलावर आलं, की सगळ्यांच्या भारानं अलीकडचा पूल दबायचा आणि पुढचा नागाच्या फण्यासारखा वर उठायचा. तीनदा इंजिन मागे पळालं. तिसऱ्या खेपेला साहेबाची टोपी नदीत पडली आणि थेट समुद्रापर्यंत ऐटीत तरंगत गेली, असं म्हणतात. साहेबानं दोष दिला मजुरांना, मग लोखंडाला, मग वाऱ्याला. साहेबाचा दोष शोधायला तिथं कुणाला नेमलंच नव्हतं.

आठव्या दिवशी उपाशी शेळ्यांनी साहेबाच्या तंबूचे दोर खाल्ले. तंबू बसला. त्याखालून साहेब रांगत बाहेर आला, तर समोर ठकूबाई काठी टेकून उभी.

"शेळ्यांना बोलू नको, सायबा," ती म्हणाली. "तुझ्याच डब्यांना वळण नाही. झुलत्या साकवावरनं एकेकानं जायचं असतं. पुढचीचे पाय भुईला लागल्याबिगर माझी मागची शेळी खूर उचलत नाही."

साहेबाला मराठी बेताचंच येत होतं, पण आपण शेळीपेक्षा अडाणी ठरलो, एवढं त्याला कळलं. त्यानं डब्याडब्यांमध्ये पुलाएवढे लांब साखळदंड लावले. ठकूबाईनं "हुर्र" म्हणावं आणि एक डबा निघावा. गाडी इतकी लांबली, की इंजिन बंदरात पोचलं तरी शेवटचा डबा खडकोंडीतच होता, असं म्हणतात. त्याच्यामागून चाळीस शेळ्या गेल्या, एकेक.

पुलाच्या दगडावर साहेबाचं नाव कोरलं, ठेकेदाराचं कोरलं, साहेबाच्या कुत्र्याचंही कोरलं. ठकूबाईचं राहिलं.

साखळ्या केव्हाच गंजून गेल्या. आता तिथं सिमेंटचा पूल आहे, त्यावर हत्ती नाचले तरी तो हलायचा नाही. तरीही खडकोंडीची माणसं एकेकच जातात. नवरा पलीकडे पोचेपर्यंत नवरी थांबते. उद्घाटनाला मंत्री सात गाड्या घेऊन आले, तेव्हा गावानं काठी आडवी धरली. हा हुकूम कुणाचा, असं मंत्र्यांनी विचारलं.

"ठकूबाईचा."

आधी एक शेळी गेली, सावकाश. तिचे पाय भुईला लागले, तेव्हा कुठे मंत्र्यांना "हुर्र" झालं.