तळातले पेरू

"बाबा, चोराला चोर म्हणायला परवानगी कशाला लागते?"

लतीफबाबा रागावले नाहीत. ते मांडीवरच्या गोधडीला टाके घालत होते. सुईतला दोरा निसटला होता. त्यांनी सुई उन्हाकडं धरून पाहिली आणि मग ती ओजसपुढं केली.

"आधी हे ओव. तुझे डोळे नवे आहेत."

ओजसनं दोरा ओवला. सुई परत दिली.

"आता सांग. कोण चोर?"

गावाबाहेर चिंचेखाली बाबांचा तकिया होता, फकिराची राहायची जागा. एक झोपडी, एक रांजण आणि एक काळा सपाट दगड. दर गुरुवारी तिथं मोठं पातेलं चुलीवर चढायचं. ज्याच्या घरी जे असेल ते तो घेऊन यायचा आणि सगळे पंगतीला बसायचे. जेवणाआधी कुणाला गावाच्या कामाचं काही सांगायचं असलं, तर तो त्या दगडावर बसून सांगायचा. त्याआधी बाबांना ऐकवायचं, एवढीच अट होती.

घरात सांगितलेलं घरात राहायचं. दगडावरून सांगितलेलं गाव ऐकायचं.

ओजस वाघचौरे परदेशी शिकून नुकताच परतला होता. त्याची चुलत बहीण मुक्ता शनिवारी त्याच शहरात शिकायला निघायची होती. तिच्यामागून गावातली आणखी पोरं जाणार होती. तिथल्या मोठमोठ्या दुकानांनी आपल्याला जसं नाडलं तसं या पोरांना नाडू नये, म्हणून ओजसला आज दगडावर बसायचं होतं. गेले कित्येक दिवस त्याच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

मुक्ताही त्याच्याबरोबर आली होती. मधे पेरूंची टोपली होती. वर हिरवी पानं, पानांवर पिवळेधमक पेरू, नुसते बघत राहावेत असे.

सकाळी मळ्यात ओजस ती टोपली भरत असताना मुक्ता म्हणाली होती, "दादा, बाबांकडं न्यायची ना? मग अशी नको भरूस. तिथं..."

"मुक्ते, याला मांडणी म्हणतात," ओजस म्हणाला होता. "भेट द्यायची ती आधी डोळ्यांना आवडली पाहिजे. मला नको शिकवू."

मग तिनं शिकवलं नाही.

"कोण चोर?" बाबांनी पुन्हा विचारलं.

"दुकानं, बाबा. आपल्या बाजारतळाएवढं एकेक दुकान. आत गार हवा, मंद गाणी, सगळं चकाचक. आणि पावलापावलावर फसवणूक!"

"दुकानदार खोटं बोलतो?"

"दुकानदार दिसतच नाही. बोलायला कुणी नसतं. फळीवरची चिठ्ठी बोलते. चिठ्ठीवर एक भाव, बाहेर पडताना यंत्रावर दुसराच भाव. मागं रांग उभी असते. माणूस गप्प देतो आणि निघतो."

"तू दिलास?"

"...दिला. पहिल्यांदा दिला. आपल्या उच्चारांना कुणी हसेल म्हणून."

"मग तिकडं जाऊन तू तोंड बंद ठेवायला शिकलास," चुलीपाशी कांदा चिरणारी चांदबी म्हणाली. बाबांच्या तकियाचं सगळं रांधप तिच्याकडं होतं. "इथं तर लहानपणी दोन पैशाच्या बोरांसाठी माझ्याशी भांडायचास."

मुक्ता फस्सकन हसली. ओजसनं तिच्याकडं पाहिलं तशी तिनं ओढणी तोंडाला लावली.

"हसण्यावारी नेऊ नका, चाची. लाल चिठ्ठी लावतात, भाव उतरला म्हणून. भाव उतरलेलाच नसतो. आधी आठवडाभर चढवून ठेवतात, मग होता तिथं आणतात आणि वर उपकार केल्यासारखी लाल चिठ्ठी. बिस्किटाचा पुडा तोच, रंग तोच, आत बिस्किटं कमी. मधाच्या बाटलीचा तळ आतून असा वर उचललेला, की हाताला बाटली मोठी लागते आणि मध निम्माच. दोन घेतले तर स्वस्त असं लिहितात आणि एकेक सुटा घेतला तर आणखी स्वस्त पडतो. तो कोपऱ्यात, खाली, वाकल्याशिवाय न दिसणारा. मासळीवरची तारीख..."

"याचं सगळं मला पाठ झालंय, बाबा," मुक्ता म्हणाली. "आता मासळीनंतर स्ट्रॉबेरी येईल."

"येईलच!" ओजसचा आवाज चढला. "तीच तर ऐकायला हवी. पहिल्या हिवाळ्यात मी तापानं पडलो होतो, बाबा. चार दिवस तोंडाला चव नव्हती. उठलो, स्वेटर चढवला आणि स्ट्रॉबेरीचा डबा आणायला गेलो. वरून एकेक फळ असं लालबुंद, जणू पॉलिश केलेलं. घरी येऊन उघडला. वरचा थर उचलला... खाली पांढरी बुरशी. सगळ्याला. खोलीत मी एकटा. कुणाला सांगणार? डबा कचऱ्यात टाकला आणि भिंतीकडं तोंड करून झोपलो."

चांदबीची सुरी थांबली.

"मला लाज वाटली, बाबा. फसवलं त्यांनी, आणि लाज मला वाटली. हिला तशी वाटू नये. म्हणून मला दगडावर बसू द्या."

बाबांनी सुई गोधडीत खुपसली. टाका घातला. दोरा दातानं तोडला.

"डबा उलटा करून बघता येत नव्हता?"

"वरून चिकटवलेला असतो. आणि दुकानात कोण उलटं करून बघतं? बरं दिसत नाही ते."

"बरं दिसत नाही..." बाबा स्वतःशीच म्हणाले.

मग त्यांनी टोपलीकडं पाहिलं.

"पेरू तुमच्या मळ्यातले?"

"हो, बाबा. ओढ्याकडच्या झाडाचे. स्वतः तोडले."

"चांदबी, आज पंगतीला फळ आहे बरं का."

चांदबी हात पुसत आली. झोपडीच्या दाराशी घडी करून ठेवलेलं पोतं तिनं झटकलं आणि ओजसच्या पुढ्यात अंथरलं. तेव्हा ओजसला आठवलं...

तकियात आलेली टोपली सरळ ठेवून घेत नाहीत. पोत्यावर पालथी घालतात. भाकरी असो, वांगी असोत, कुणाच्या घरची बुंदी असो. पाटलाची असो की मोलकरणीची. लहानपणी आईचं बोट धरून तो इथं यायचा तेव्हा त्यानं हे किती वेळा पाहिलं होतं. बायका मुद्दाम चांगलं तळाला घालून आणायच्या आणि टोपली पालथी झाली की एकमेकींकडं बघून हसायच्या. गावातल्या शेंबड्या पोराला ठाऊक असलेली गोष्ट तो तिकडं विसरून आला होता.

"राहू द्या ना चाची, मी देतो एकेक काढून..."

चांदबीनं टोपली उचलली होती. ती नेहमीसारखीच उचलली होती. तिच्या मनात काही नव्हतं.

टोपली पालथी झाली.

पानं खाली गेली. पिवळेधमक पेरू खाली गेले. वर आले ते पोपटांनी टोकलेले, एका अंगाला काळपटलेले, खाली पडून फुटलेले. एक तर इतका सडला होता की पोत्यावर आदळताच पसरला.

चांदबी रिकामी टोपली हातात धरून उभी राहिली.

चुलीत काटकी तडतडली.

ओजसचे कान तापले. कुणीतरी काहीतरी बोलावं असं त्याला वाटलं. कुणीच बोलेना, तेव्हा तोच बोलला.

"मुक्तानं... घाईत भरली असेल."

शब्द तोंडातून गेले आणि मग त्याला ऐकू आले.

मुक्तानं मान वर केली. तिच्या चेहऱ्यावरचं मघाचं हसू अजून पुरतं पुसलं गेलं नव्हतं, ते तिथंच थांबलं. ती नाही म्हणाली नाही. हो म्हणाली नाही. तिनं फक्त दादाकडं पाहिलं आणि मग खाली वाकून पोत्यावरचे पेरू वेगळे करायला लागली, जणू टोपली खरोखर तिनंच भरली होती आणि आवरायचंही तिनंच होतं.

बाबांनी दुसरा टाका घातला.

ओजसला ती रांग आठवली. यंत्रावरचा तो आकडा, मागची माणसं आणि गप्प राहून दिलेले पैसे. आता मुक्ता तशीच गप्प होती. तिच्यामागं रांग नव्हती. तिच्यासमोर तो होता.

त्या खोलीत भिंतीकडं तोंड करून झोपता आलं होतं. इथं भिंत नव्हती. चिंच होती, उघडं आभाळ होतं आणि तीन माणसं होती, ज्यांपैकी एकानंही त्याला खोटारडा म्हटलं नव्हतं.

"बाबा..."

बाबांनी वर पाहिलं नाही.

"बाबा, टोपली मी भरली. हिनं मला अडवलं होतं. मी हिला गप्प केलं. विकायची नव्हती. कुणाला फसवायचं नव्हतं. खरंच नव्हतं. हात आपोआपच तसे चालले. चांगलं वर... आणि आता हिच्यावर ढकललं, तेही आपोआपच."

मुक्ताचे हात पेरूंवर थांबले.

"दादा, असू दे," ती हळूच म्हणाली.

"नाही. असू दे म्हणू नकोस. तिकडं गेल्यावर तर कुणालाच म्हणू नकोस."

"बरं," मुक्ता म्हणाली. थोडं थांबून तिनं डोळे पुसले. "मग आता म्हणते. वाईट वाटलं मला. फार."

ओजसनं मान खाली घातली.

चांदबीनं सडका पेरू उचलून खुंट्याला बांधलेल्या शेळीपुढं टाकला. शेळीनं हुंगला आणि तोंड फिरवलं.

"हिलाही नको," चांदबी म्हणाली, पण या वेळी कुणी हसलं नाही.

बाबांनी गोधडी बाजूला ठेवली. गुडघ्यावर हात टेकत पुढं सरकले. ढिगातला एक टोकलेला पेरू घेतला. धोतराच्या सोग्याला पुसला, चोचीच्या खुणेपाशीच दात लावला आणि सावकाश चावत राहिले. मग उरलेला अर्धा ओजसपुढं केला.

ओजसला घ्यावंसं वाटेना. घेतला.

पेरू गोड होता. झाडावर पुरता पिकलेला, आतून गुलाबी. वर मांडलेले ते पिवळेधमक पेरू अजून दोन दिवस तरी कडकच राहणार होते. तोडताना बोट दाबून पाहिलं असतं तर त्याला कळलं असतं. तो फक्त रंग बघत होता.

"पोपट काय आंबटाला चोच लावतोय व्हय?" चांदबी म्हणाली. "ते वेगळे काढ गं मुक्ता. टोकलेला भाग कापते. पोरांना हेच द्यायचे. कडक उद्यासाठी ठेव."

मुक्ता वेगळे काढायला लागली. ओजस तिच्या शेजारी बसला आणि तोही काढायला लागला. मुक्ता थोडी सरकली, त्याला जागा झाली.

उन्हं कलली. पायवाटेवरून माणसं यायला लागली. कुणाच्या डोक्यावर टोपली, कुणाच्या हातात तांब्या. शनिवारी मुक्ताबरोबर विमानतळापर्यंत जाणारे काका आले, पुढल्या महिन्यात जाणारी गुरवांची पोरगी तिच्या आईबरोबर आली. एकेक टोपली पोत्यावर पालथी होत गेली. बायका हसत होत्या. ओजसला त्यांच्याकडं वर मान करून बघवेना.

मघापासून तो ज्या दगडाकडं पुन्हा पुन्हा बघत होता, तो अजून रिकामाच होता आणि सगळे त्याच्याभोवती बसले होते. आज वाघचौऱ्यांचा मुलगा काही सांगणार आहे, हे गावात आधीच पसरलं होतं.

तो बाबांपाशी गेला. हाताला पेरूचा चिकटा होता.

"बाबा, परवानगी नको. मी मागं बसतो. ते सगळं खरं आहे, ती दुकानं, त्या चिठ्ठ्या, ते डबे... पण ते सांगणारा मी नव्हे. दुसऱ्या कुणाला तरी बसवा."

बाबांनी सुई पुन्हा उन्हाकडं धरली. ऊन आता फार उरलं नव्हतं. दोरा होता तिथंच होता.

"दुसऱ्या कुणाला?"

"ज्यानं असं काही केलेलं नाही, त्याला."

बाबांनी पंगतीवरून नजर फिरवली. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"मग हा दगड रिकामाच राहायचा, लेका."

ओजस उभाच होता. मागून मुक्ता आली. हातात कापलेल्या पेरूंचं ताट होतं. ते तिनं दगडापाशी, बसणाऱ्याच्या उजव्या हाताला ठेवलं आणि परत जाऊन सगळ्यांत पुढं बसली.

ओजसनं बाबांकडं पाहिलं.

"काय सांगू, बाबा? कुठून सांगू?"

बाबांनी गोधडी मांडीवर ओढली.

"तळापासून."