जोडावरची काजळी

"…मग ही काजळी येते तरी कुठून, चाचा?"

इंद्रजितनं नळी पुढे धरली. स्टेनलेसची, करंगळीएवढी जाड. वेल्डिंगच्या जोडाच्या दोन्ही अंगांना काळा थर बसला होता. ऑपरेशनच्या हत्यारांत बसणारा माल; अख्खा लॉट परत आला होता.

बाबालाल मुजावर ओसरीवर बसले होते. कुपवाडच्या कारखान्यात तीस वर्षं त्यांनी वेल्डिंग केलं. इंद्रजितला टॉर्च धरायला त्यांनीच शिकवलं. पुढे लेसरचं मशीन आलं, इंद्रजित मॅनेजर झाला, आणि चाचांना घरी बसवणाऱ्या कागदावर त्यानंच सही केली.

"काय काय करून बघितलंस?"

"पॉवर कमी केली. आर्गॉन गॅस वाढवला, नोझलचा कोन बदलला, लेन्स नवी घातली." त्याचा आवाज चढला. "मशीनमध्ये खोट नाही, चाचा. मी स्वतः उभं राहून बसवून घेतलंय."

"न जोडलेली नळी आणलीयस?"

आणली होती. कोरी, लखलखीत.

चाचांनी खांद्यावरचा पांढरा रुमाल तिच्यावरून एकदा फिरवला… आणि त्याच्यासमोर उलगडला.

नळी कापताना लागलेल्या पिवळट तेलाचा पट्टा.

इंद्रजित बघतच राहिला. लेसर हेच तेल जाळत होता. तेच काळं होऊन जोडाशी बसत होतं.

"नळ्या कोण धुतं आता?"

"कुणी नाही… ते काम बंद केलं."

"अक्काताई धुवायची. कढत सोड्याच्या पाण्यात, एकेक."

"नुसत्या धुण्याला वेगळी बाई कशाला, असं वाटलं तेव्हा." इंद्रजितनं मान खाली घातली. मग घाईघाईनं म्हणाला, "उद्याच बोलावून घेतो तिला. सकाळी गाडी पाठवतो."

चाचांनी रुमाल खाली ठेवला.

"चाचा?"

"तुमच्याकडचं सुटल्यावर वीटभट्टीवर जात होती. छातीत धूळ भरली… गेल्या मंगळवारी तिच्या मातीला जाऊन आलो."

"मला कुणी कळवलं नाही."

"निरोप घेऊन कारखान्यावर माणूस पाठवला होता."

इंद्रजितला आठवलं. मंगळवारी तो दिवसभर मशीनपाशी होता. कुणी भेटायला आलं तर आत सोडू नका, असं त्यानंच गेटवर सांगितलं होतं.



मग इंद्रजितनं रुमाल उचलला. दुसरी कोरी नळी पिशवीतून काढली आणि खाली मान घालून पुसायला लागला. डोळ्यांपुढे धूसर झालं, तरी पुसत राहिला; बोटांचं तेल पुन्हा नळीला लागत होतं.

चाचांनी त्याचं मनगट धरलं.

"आधी हात धुऊन ये."