एंटरचं पुसलेलं नाव

एका राज्यात माणसांचा, म्हणजे तिथल्या बटणांचा, मान नावावरून ठरत असे. नाव किती मोठं यावरून नव्हे, अंगावर किती ठसठशीत दिसतं यावरून. ज्याचं नाव कोरं करकरीत तो थोर. ज्याचं पुसट झालं तो सामान्य. आणि ज्याचं पूर्णच पुसलं गेलं, तो त्या राज्यात असून नसल्यासारखा.

राज्य फार मोठं नव्हतं, एका टेबलाएवढं होतं. मागे पडदा उभा, डावीकडे मान वाकवलेला दिवा, उजवीकडे माउस आणि त्याच्या पलीकडे पेनांचा ट्रे. मधल्या मैदानात कीबोर्ड पसरलेला आणि त्यावर शंभरावर बटणांची दाटीवाटीची वस्ती. रोज सकाळी दोन हात यायचे, दहा बोटं कामाला लागायची, आणि मग वस्तीत जी काही धांदल उडायची, ती विचारू नका! टेबलापलीकडे माणसांची रांग असायची. त्यांचे अर्ज, त्यांच्या तक्रारी, त्यांची उत्तरं, सगळं या बटणांच्या अंगावरून जायचं.

दर सोमवारी हात येऊन दिवा लावायचे आणि चहाला जायचे. तेवढ्या वेळात बटणांच्या नावांची पाहणी उरकायची. पाहणी करायचे स्क्रोललॉकराव. ते वरच्या ओळीत, अगदी निवांत जागी राहत. त्यांचं नाव असं पांढरं शुभ्र, की जणू कालच छापलंय. शेजारी पॉजराव, पलीकडे इन्सर्टपंत, सगळे त्याच तोलामोलाचे. काय तो रुबाब! ही मंडळी एकेक नाव वाचत जायची आणि बाकीच्यांनी ‘हजर’ म्हणायचं.

एंटरची पाळी आली की राव थांबायचे. पुन्हा एकदा न्याहाळायचे. मग म्हणायचे, “इथं काही लिहिलेलं नाही. पुढे.”

“मी एंटर,” ती म्हणायची.

“असं कोणीही म्हणेल, बाई. लिहिलंय कुठं?”

लिहिलेलं होतं हो एकेकाळी. चांगलं ठळक नाव आणि त्याखाली वळलेला बाण. दुसऱ्या वर्षी बाणाचं शेपूट गेलं, चौथ्या वर्षी नावातली दोन अक्षरं, आणि आता अंग नुसतं गुळगुळीत. एंटरला वाईट वाटायचं, खोटं कशाला सांगा. पण मान मात्र तिनं कधी खाली घातली नाही. कारण तिला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. बाकीची बटणं कितीही लिहू देत, ती दबल्याशिवाय ओळ संपत नव्हती, अर्ज जात नव्हता, कोणाचं उत्तर निघत नव्हतं. आणि इतक्या वर्षांत ती एकदाही अर्धवट दबली नव्हती. बोट आलं की तळापर्यंत जायचं आणि ताठ वर यायचं, हा तिचा शिरस्ता. असं काम वरच्या ओळीत कोणी करून दाखवावं!

खालच्या ओळीतला स्पेसबार तिची थट्टा करायचा. तो आडवा, लांबलचक, आणि जन्मापासून निनावी. “माझ्यावर कोणी कधी काही लिहिलंच नाही बघ. म्हणून मला पाहणीत कोणी विचारतसुद्धा नाही. तुला मेली नावाची हौस, आता भोग!”

“हौस नाही रे,” एंटर म्हणायची. “दहा जणांसमोर ‘पुढे’ म्हणतात ना, ते मनाला लागतं.”

पडद्यावर रोज सकाळी बातम्या यायच्या. कुठं घडी घालून खिशात ठेवायचा फोन निघाला, कुठं वायरीशिवाय चालणारा माउस. खाली एखादी छोटीशी युक्ती असायची, अमुक दोन बटणं एकदम दाबा आणि काम झटपट करा अशी. ज्यांची नावं त्या युक्तीत यायची, ती बटणं दिवसभर हवेत. एका बुधवारी मात्र युक्ती वेगळी होती. ‘नावं पुसलेली बटणं बदला, कीबोर्ड नव्यासारखा करा. बटणं काढायचा चिमटा सोबत मोफत.’

बोटं त्या ओळीवर थबकली. मग त्यांनी मागणीचा अर्ज उघडला, पत्ता भरला, आणि ‘मागवा’ या शब्दापाशी येऊन थांबली. आता राहिलं होतं फक्त एंटर दाबणं.

सगळ्या वस्तीचा श्वास अडकला. तिला काढून टाकायचा हुकूम तिच्याच अंगावरून जायचा होता! वरची बॅकस्पेस हळूच म्हणाली, “अडून बस गं. एकदाच. कचरा अडकलाय म्हणतील आणि सोडून देतील.”

एंटरला मोह झाला नाही असं नाही. झालाच. अडून बसणं किती सोपं होतं! पण तिच्या डोळ्यांपुढे आली ती पलीकडची रांग. “आज माझ्यासाठी अडले, तर उद्या त्यांच्या कामाला मी खाली जाईन याचा भरवसा कोणी धरावा?” ती म्हणाली. बोट आलं आणि ती रोजच्यासारखी तळापर्यंत गेली. मागणी सुटली. वरच्या ओळीत राव पॉजरावांना म्हणाले, “बघितलंत? अक्कलही झिजलीय.”

शनिवारी पाकीट आलं. चिमट्यानं एंटरला खालच्या खुंटावरून अलगद उपटलं आणि पेनांच्या ट्रेमध्ये टाकलं. तिथं दोन टाचण्या होत्या, एक रबर होतं आणि एक सुकलेली रिफिल. तिच्या जागी नवी एंटर बसली. काय तिचं रूप! अक्षर असं, की डोळे दिपावेत.

स्क्रोललॉकराव स्वतः स्वागताला सरसावले. “या, या! अहो, याला म्हणतात नाव. एक वडीलधारा म्हणून सांगतो, राग मानू नका. बोटांना फार अंगाला लावून घेऊ नका. नाव त्यानंच जातं. आमच्याकडे बघा.”

नवी बिचारी वाईट नव्हती, घाबरट होती. “मग किती खाली जायचं?” तिनं विचारलं.

“तोंडदेखलं दिसेल इतपत.”

झालं. नवी तोंडदेखलंच दबू लागली. बोटांना एका कामासाठी दोनदा, तीनदा ठोकावं लागायचं. नवं आहे, सरावेल, असं त्यांना वाटलं. इकडे ट्रेमध्ये जुनीचा जीव वरखाली होत होता. “अगं, अजून थोडी! पोचली नाहीस तू!” पण तिचा आवाज टाचण्यांच्या पलीकडे जाईना. आपली जागा गेली याचं दुःख तिला होतंच. पण रांगेतलं माणूस ताटकळतंय हे नुसतं बघत राहणं, ते तिला त्याहून सोसवत नव्हतं.

सोमवारी टेबलावर एक नवीन पाहुणा आला. काचेचं छोटंसं यंत्र. ते नेमकं ट्रेला खेटून ठेवलं गेलं. पडद्यानं त्याचं कोण कौतुक केलं! आता माणसांनी आपली ओळख सांगायची कटकट संपली. काचेवर अंगठा ठेवायचा, यंत्र त्यावरच्या रेघा वाचणार, ओळख पटली की हिरवा दिवा. स्क्रोललॉकराव खूश झाले. “हा आपल्यातला आहे. वाचून बघतो आणि मगच मानतो.”

सकाळभर हिरवे दिवे लागत राहिले. दुपारी काचेवर एक अंगठा आला आणि तांबडा दिवा लागला.

अंगठा उचलला गेला, लुगड्याच्या पदराला पुसला गेला, पुन्हा टेकला. पुन्हा तांबडा.

“मावशी, नीट ठेवा,” पडद्यापुढच्या माणसाचा आवाज आला.

“नीटच ठेवलाय की रे.”

तिसऱ्यांदा तांबडा. “यंत्र ओळखत नाही तुम्हाला.”

“अरे बाबा, मी ही उभी आहे ना तुझ्यापुढं! गेल्या वर्षी तूच तर लिहून घेतलं होतंस माझं नाव.”

“मी ओळखतो हो. पण याला पटलं पाहिजे. मदतीची यादी आज बंद होतेय. आज ओळख लागली नाही, तर नाव निघून जाणार तुमचं.”

त्या बाई म्हणाल्या, “बत्तीस वर्षं खाणावळीची भांडी घासली, राखेनं. रेघा तिकडंच राहिल्या असतील.”

अंगठा अजून काचेवर टेकलेला होता. एंटरनं ट्रेमधून तो वीतभर अंतरावरून पाहिला. त्याच्यावर एकही रेघ नव्हती. इतक्या वर्षांत तिला आपल्यासारखं कोणी दिसलं नव्हतं.

पडद्यावर खाली बारीक अक्षरांत दुसरी एक वाट लिहिलेली होती. ओळखणाऱ्यानं माहिती भरून द्यावी आणि माणसानं स्वतःच्या हातानं होकार दाबावा. बोटांनी ती वाट धरली. नाव लिहिलं, वय लिहिलं, गाव लिहिलं. अक्षरांची बटणं नेटानं राबली. वर एका कोपऱ्यात वेळ उलटी मोजली जाऊ लागली.

“आता मावशी, हे मोठं बटण तुम्ही स्वतः दाबायचं. जोरात.”

टेबलावरून तो अंगठा कीबोर्डवर आला. स्क्रोललॉकराव वरून ओरडले, “सांभाळा! राठ आहे तो, एका दाबात अक्षर नेईल!”

नव्या एंटरनं अंग आखडून घेतलं. अंगठा दाबत होता आणि ती अर्ध्यातच अडून बसली होती. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. काही झालं नाही. बोटांनी स्वतः ठोकून पाहिलं, तरी ती भीतीनं ताठच.

“नाही होत का रे?” बाई म्हणाल्या. “राहू दे मग. तुला तरी किती त्रास.”

हे ऐकलं आणि ट्रेमधल्या एंटरला असा राग आला, असा राग आला, की तिला हातपाय असते तर ती उडी मारून गेली असती. स्वतःच्या जागेसाठी तिनं कधी कोणापुढे तोंड वेंगाडलं नव्हतं. आता मात्र ती जिवाच्या आकांतानं ओरडली, “मला न्या! अहो, मला न्या कोणीतरी!”

बटणांची हाक बोटांना ऐकू येते की नाही, कोण जाणे. पण बोटं ट्रेमध्ये आली. टाचण्या बाजूला झाल्या, रिफिल घरंगळली. चिमट्यानं नवीला उपटून बाजूला ठेवलं. तिचं अक्षर शाबूत होतं आणि तिला अगदी सुटल्यासारखं वाटलं. रिकाम्या खुंटावर जुनी बसली. पडद्यावर नऊ सेकंद उरले होते, आठ उरले होते.

“हं, आता दाबा, मावशी.”

अंगठा तिच्यावर टेकला. राखेनं घासून घासून सपाट झालेला, राठ आणि उबदार. बोटांनी झिजवून झिजवून सपाट केलेल्या एंटरनं त्याला पुरता टेकू दिला आणि ती त्याच्यासकट सरळ तळापर्यंत गेली.

तांबडा दिवा विझला, हिरवा लागला, आणि पडद्यावर ठळक अक्षरांत उमटलं: सगुणा धोंडिबा खरात.