पूल बांधणाऱ्या साहेबाचं इंग्रजी

केळशेत गावात एक नियम होता, आणि तो का आहे हे विचारायची बंदी होती. सभेची परवानगी नसेल, तर कुणी इंग्रजीत तोंड उघडायचं नाही, की इंग्रजीचा अर्थ सांगायचा नाही.

सभा म्हणजे तीन म्हातारे. त्यांच्या तरुणपणी खाडीवर पूल बांधायला एक गोरा साहेब आला होता. त्याच्या हाताखाली राबता राबता हे तिघे इंग्रजी शिकले. पूल झाला, साहेब गेला. पण त्याचं इंग्रजी तिघांनी सोवळ्यासारखं जपलं. दर दसऱ्याला देवळाच्या ओट्यावर बसून ते साहेबाची वाक्यं म्हणत. गावाला त्यातलं अक्षर कळत नसे, तरी गाव माना डोलवी.

सभेचे प्रमुख अप्पाशास्त्री. त्यांची पुतणी सगुणा शहरात कॉलेज शिकून आली. तिथलं इंग्रजी काकांच्या इंग्रजीसारखं मुळीच नव्हतं. तिने तसं घरी सांगितलं.

"शहरात सगळंच बाटतं," अप्पा म्हणाले आणि पाटावर जेवायला बसले.

त्या उन्हाळ्यात गावात हगवणीची साथ आली. मुलं एकामागून एक आडवी झाली. सगुणाची भाची ठकी तर डोळेसुद्धा उघडेना. सरकारने एक गोरी डॉक्टरीण पाठवली. तिला मराठीचा गंध नव्हता. तिने मुलं तपासली, देवळामागच्या विहिरीत वाकून पाहिलं आणि ओट्यापाशी येऊन घाईघाईने बोलू लागली. बायका पोरांना कडेवर घेऊन भोवती जमल्या. तिचं बोलणं गावाला समजावून सांगायचा मान अर्थातच सभेचा.

"काय म्हणते हो ती, अप्पा?" एका म्हातारीने विचारलं.

"थांब जरा." अप्पांनी हात वर केला. "हिने वाक्याची सुरुवात 'अँड'ने केली. साहेबाने तसं करू नका म्हणून बजावलं होतं."

"आणि हे 'ओके, ओके' काय?" दुसरा म्हातारा म्हणाला. "साहेबाच्या तोंडी मी हे कधी ऐकलं नाही."

"हिला स्वतःची भाषा धड येत नाही," तिसऱ्याने निकाल दिला. "ही कसली औषध देतेय!"

अप्पांनी डॉक्टरणीला तिचंच वाक्य सुधारून पुन्हा म्हणायला सांगितलं. तिने कपाळावर हात मारून घेतला आणि विहिरीकडे बोट दाखवलं. अप्पा बोटाकडे बघतच नव्हते. ते तिच्या ओठांकडे बघत पुढच्या चुकीची वाट पाहत होते.

ठकीची आई कळशी घेऊन निघाली. "वन्सं, पोर तहानेने तळमळतेय हो," ती सगुणाला म्हणाली. "यांचं चालू द्या. मी विहिरीवर जाऊन येते."

सगुणा ताडकन उठली. "वहिनी, थांब! ते पाणी पाजू नकोस. डॉक्टरीण केव्हाची तेच सांगतेय. विहिरीत घाण झिरपलीय. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी आणायचं, उकळायचं, मगच द्यायचं."

"सगुणा!" अप्पा कडाडले. "परवानगी कुणाची घेतलीस? खाली बस!"

"नाही बसणार, काका."

"दोन बुकं शिकलीस म्हणून आम्हाला इंग्रजी शिकवतेस?"

"साहेब गेला तेव्हा तुमचं इंग्रजी थांबलं. त्याच्या देशातल्या लोकांचं चालूच राहिलं. त्यांनी नवे शब्द घेतले, जुने टाकले. भाषा त्यांची, त्यांनी का बदलू नये? आणि 'अँड'चं म्हणाल, तर त्यांच्या शेकडो वर्षांच्या पोथ्यांत पानोपानी वाक्यं तशीच सुरू होतात. साहेबाने ऐकीव नियम सांगितला, तुम्ही तो देव्हाऱ्यात ठेवलात."

"सभेचा नियम मोडलास तू!"

"मोडला. उद्याही मोडेन. पण एक सांगा काका, ही काय बोलतेय ते तुम्हाला कळलं नव्हतं का? अक्षर न् अक्षर कळलं होतं. म्हणून तर चुका काढता आल्या."

बायकांनी एकदम ओट्याकडे पाहिलं.  

ठकीच्या आईने रिकामी कळशी कमरेवर घेतली आणि डोंगराची वाट धरली.

तात्पर्य: भाषा बोलणाऱ्यांबरोबर चालते आणि चालता चालता बदलते. समोरच्याचं म्हणणं कळूनही जो त्याच्या चुकाच काढत बसतो, तो विद्वान नव्हे, आडमुठा.