केरबा मिस्त्री आणि काळे ठिपके

घाटाच्या पायथ्याला एक गाव होतं आणि त्या गावात गाड्या रंगवणारा एक मिस्त्री होता. त्याचं नाव केरबा. त्याने रंगवलेल्या गाडीत तोंड बघून भांग पाडावा, अशी त्याची ख्याती. लोक विचारत, "मिस्त्री, एवढी चमक आणता कुठून?" तो म्हणे, "चमक रंगात नसते गड्या. रंगाखालच्या घासकामात असते."

आणि ते खरंच होतं. पत्र्यावर तो आधी करड्या प्रायमरचे दोन-तीन हात मारी. प्रायमर वाळला की वरून काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा सोडी. मग लाकडी ठोकळ्याला पाण्याचा पेपर, म्हणजे ओला घासकागद, गुंडाळून घासत बसे. जिथला काळा पुसला जाई, तिथे पत्रा सपाट. जिथे काळा ठिपका मागे राही, तिथे खड्डा. तो लांबी, म्हणजे लुकण, भरून बुजवायचा, पुन्हा प्रायमर, पुन्हा घासायचं. एकही ठिपका उरला नाही, की मगच रंग.

या नियमापायी त्याने आपल्या हाताखालचा कारागीर सर्जेराव याला दहा वर्षांपूर्वी दुकानातून काढलं होतं. सर्जेरावाच्या हातून एका दारावर दोन ठिपके राहिले होते. "डोळे आहेत का भोकं?" असं केरबा चारचौघांत ओरडला होता. सर्जेरावाने रस्त्यापलीकडे स्वतःचं दुकान थाटलं आणि तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं.

पुढे केरबाचेच डोळे अधू होऊ लागले. आधी उन्हात डोळ्यांवर तिरीप आल्यासारखं व्हायचं. मग सगळ्यावर धुरकट पडदा आला. त्याने कुणाला सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही. तळहात पत्र्यावरून फिरवून तो काम निभावून नेई. उंचसखल त्याच्या हाताला कळे. पण सुईच्या टोकाएवढी भोकं आणि पेपरचे ओरखडे हाताला कळत नाहीत, त्यांना डोळेच लागतात. हल्ली एखाद्या गाडीच्या दारावर उन्हात असे ओरखडे उठून दिसत. गिऱ्हाईक भिडेपोटी गप्प बसे.

अशात गावच्या डॉक्टरीणबाईंची जुनी गाडी त्याच्याकडे आली. गोल नाकाची, जाड पत्र्याची, पस्तीस वर्षांची. गावात दुसरं वाहन नव्हतं तेव्हा बाई अडलेल्या बायकांना याच गाडीतून तालुक्याला नेत. केरबाची थोरली लेक तर वाटेतच, या गाडीच्या मागच्या सीटवर जन्मली होती. आता गावाने नवं प्रसूतिगृह बांधलं होतं. पुढच्या रविवारी बाईंना त्याच गाडीतून मिरवत आणायचं ठरलं होतं.

केरबाने जीव ओतला. जुना रंग खरवडला, गंज काढला, खड्डे बुजवले, प्रायमर मारला, काळा फवारा सोडला. तीन दिवस घासलं. हात म्हणत होता, सपाट आहे. डोळ्यांपुढे मात्र नुसतं धुकं. काळं काही उरलंय की नाही, हेच त्याला कळेना. त्याने गाडी उन्हात ढकलली, तर उलट डोळे दिपले.

'मारून टाकावा रंग,' त्याच्या मनात आलं. 'हारफुलं घातल्यावर कोण बघतंय? आणि बाई काय बोलणाऱ्यातल्या नाहीत.'

तेवढ्यात बाईच आल्या. "काय केरबा, उद्या रंग चढवायचा ना?"

"होय" ओठांपर्यंत आलं होतं. पण त्याचा हात मागच्या दारावर होता. ज्या दारातून त्याने आपली लेक पहिल्यांदा हातात घेतली, ते हे दार.

"बाई, गाडी समोर सर्जेरावाकडं न्या."

"का हो? भांडण मिटलं की काय?"

"न्हाई. दोन वर्षं झाली, मला दिसत न्हाई, बाई."

दोन वर्षांत पहिल्यांदा ते शब्द त्याच्या तोंडून बाहेर पडले. तो उपड्या डब्यावर मटकन बसला. "माझा बा आंधळा होऊन गेला. दहा वर्षं उंबऱ्याशी बसून होता. आता माझी पाळी."

बाईंनी त्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. पापणी ओढली, पिशवीतली बॅटरी काढून एकेका डोळ्यात बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"अहो, हा मोतीबिंदू आहे! दोन्ही डोळ्यांत चांगला पिकलाय. एकेका डोळ्याचं अर्ध्या तासाचं काम. आणि दोन वर्षं तुम्ही बसून राहिलात?"

"म्हणजे... दिसंल?"

"मोठ्या डॉक्टरांना दाखवू. पण माझं मन सांगतंय, दिसेल."

"मग माझ्या बाला का न्हाई दिसलं?"

"त्यांनी कुणाला सांगितलं होतं का, केरबा?"

केरबाने नकारार्थी मान हलवली. बा कधीच कुणाला काही बोलला नव्हता. मग त्याला एकदम हसू फुटलं, हसता हसता डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि छातीवरचा दोन वर्षांचा दगड कुणीतरी उचलून बाजूला ठेवावा तसं त्याला वाटलं.

तो उठला आणि तसाच, अंदाजाने, रस्ता ओलांडून गेला.

"सर्जा, हैस का? तुझे डोळे पायजेत मला. माझे गेलेत."

सर्जेराव हातात घासपेपर घेऊन बाहेर आला.

"त्या वेळी ठिपके होते, ते खरं," केरबा म्हणाला. "पण मी बोललो ते वंगाळ बोललो."

सर्जेरावाने पेपर खाली ठेवला, हात फडक्याला पुसले आणि केरबाचा दंड धरला. "चला मिस्त्री. मधे मोटरसायकल उभी आहे, जपून."

गाडीभोवती सर्जेरावाने सावकाश फेरी मारली. "पाच आहेत. बॉनेटवर एक, पुढच्या चाकावरच्या पत्र्यावर एक, आणि मागच्या दारावर तीन."

"तीन!" केरबाने दारावरून हात फिरवला. हेच दार त्याने रंगाखाली गाडलं असतं.

मग सर्जेराव बोट ठेवून जागा दाखवी आणि केरबा ती बुजवून घाशी. असे दोघे दोन दिवस राबले. रंग सर्जेरावाने मारला, फिकट पिस्त्याचा. रविवारी गाडी गावातून निघाली तेव्हा केरबाला एक हिरवट उजेड पुढे सरकताना दिसला, बाकी लोकांच्या "वा, वा!" वरून समजलं.

महिन्याभरात त्याच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. दुसऱ्या डोळ्याची पट्टी सुटली त्या सकाळी घरी न जाता तो थेट बाईंच्या दारात पोहोचला. सर्जेराव सोबत होता. केरबाने गाडीभोवती एक फेरी मारली. मग दुसरी. मग गुडघ्यावर बसून चाकामागे निरखून बघितलं.

"सर्जा, इथं रंगाचा ओघळ आलाय की रं! तांदळाएवढा!"

सर्जेराव वाकून शोधू लागला, पण त्याला तो पटकन सापडेना. ओसरीवरून बाई हसत म्हणाल्या, "चला, आता माझी खात्री पटली. मिस्त्रीला दिसतंय!"

तात्पर्य, मुलांनो, एवढंच: उणीव झाकली की ती आतल्या आत वाढते, जाणत्या माणसापाशी उघडी केली, तर तिच्यावर इलाज सापडू शकतो.