टिटवीची खड्यांची शाळा

गवतापेक्षा दगडगोटेच जास्त अशा एका माळावर एक टिटवी राहत असे. मुलांनो, टिटवी झाडावर घरटे बांधत नाही. उघड्या जमिनीवर खडे मांडते, त्यांत अंडी घालते आणि त्यालाच घर म्हणते. मागच्या वर्षी रानमांजराने तिची सगळी पिल्ले नेली होती. यंदा पुन्हा चार झाली, तेव्हा तिने मनाशी पक्के केले की यांना शत्रू ओळखता आलाच पाहिजे.

खडे मांडण्यात तिचा हात कोणी धरला नसता. हात म्हणायचे आपले, टिटवीला चोचच असते. तिने खड्यांचा गोल मांडला, काड्यांचा त्रिकोण केला आणि शाळा सुरू झाली. लांबट गोलाला मागे एक त्रिकोण लावला की मासा. वळणावळणाची रेघ ओढली की साप. मोठ्या गोलावर दोन त्रिकोण उभे केले की रानमांजर. पिल्ले हरखून गेली. ज्याला ओळखता येईल त्याने ताठ उभे राहायचे, मोठ्याने सांगायचे आणि आईच्या चोचीतली वाळवी खायची, असा शाळेचा नियम होता. तीन पिल्ले रोज वाळवी खात. धाकटे मात्र अगदी ढ. त्याला मांजराच्या जागी कधी मासा दिसे, कधी नुसतेच दगड. भावंडे हसत आणि ते हिरमुसून आईच्या पंखाखाली शिरे.

टिटवा हे सगळे लांबून बघत असे. एकदा त्याने सुचवले की ओढ्याकाठी खरे मांजर पाण्याला येते, ते पोरांना दुरून दाखवावे. शिवाय मांजर दिसले की उठायचे नसते, जमिनीला चिकटून गप्प पडायचे असते, तेही सांगावे.

“अहो, इतक्यात कशाला?” टिटवी म्हणाली. “घाबरतील पोरं. आधी नीट ओळखू तर द्या त्यांना.”

मायेपोटीच म्हणाली ती. तिचे चुकते आहे, असे तेव्हा मलाही वाटले नसते.

एके दिवशी सकाळी ती वाळवी आणायला वारुळाकडे गेली आणि रानमांजर माळावर आले. टिटवीला ते लांबूनच दिसले. चोचीतले टाकून ती जीव तोडून ओरडत सुटली. तो आवाज ऐकताच चारही पिल्ले जिथल्या तिथे जमिनीला चिकटली. ते काही शाळेत शिकवावे लागले नव्हते, टिटवीच्या जातीला ते उपजतच येते. तिघांनी डोकी मातीत खुपसली. तशीच पडून राहिली असती तर चारही वाचली असती, कारण टिटवीचे पिल्लू आणि माळावरचा खडा यांत फरक करणे मांजरालाही अवघड जाते.

पण धाकट्याने मान जरा वर केली. समोरच्या गवतातून एक मोठा गोल बघत होता. त्या गोलावर दोन त्रिकोण होते. जन्मात पहिल्यांदाच त्याला उत्तर येत होते. ते ताठ उभे राहिले आणि मोठ्याने म्हणाले, “आई, मला ओळखता आलं. एक गोल, दोन त्रिकोण. रानमांजर.”

आणि वाळवीसाठी त्याने चोच उघडून धरली.

टिटवी मांजराच्या अंगावर धावून गेली, टिटव्यानेही डोक्यावर झडपा घातल्या. पण तोवर मांजर तोंडात घास धरून गवतात शिरले होते. दिवसभर दोघे माळावर घिरट्या घालत ओरडत राहिले. ऐकणारे कोणी नव्हते. संध्याकाळी टिटवी परतली, तेव्हा खड्यांचे मांजर होते तसेच मांडलेले होते.

उरलेल्या तिघांतले एक पिल्लू जवळ सरकले आणि हळूच म्हणाले, “आई, आज त्याचं उत्तर बरोबर होतं ना?”

“हो रे बाळा,” टिटवी म्हणाली. “अगदी बरोबर होतं.”

तात्पर्य : संकट ओळखायला शिकवले, पण त्यातून जीव वाचवायला शिकवले नाही, तर बरोबर उत्तरही घात करते.