गेनबाची दाढ दुसऱ्यांदा भरली

खालच्या आळीत गेनबा गुरव नावाचा एक भोळा सनईवाला राहत होता. सांगितलेलं काम तो शब्दाला धरून करी.

दोन वर्षांपूर्वी रूट कॅनल करून भरलेली त्याची दाढ पुन्हा ठणकू लागली. सनई फुंकली की डोळ्यांत पाणी. चार दिवसांवर हरबा कुंभाराच्या लेकीचं लग्न. हरबा म्हणाला, "गेनबा, जमणार नसेल तर बँड सांगतो. मग यापुढे गावची सगळी लग्नं त्याचीच."

गेनबा दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे धावला. बाई म्हणाल्या, "पहिलं काम अर्धवट झालंय. उघडायचं, आतलं सगळं काढायचं, तळापर्यंत साफ करायचं, मग नव्याने भरायचं." त्यांनी दाढ उघडून आत औषध ठेवलं. ठणका थांबला. गेनबाला हे फार पटलं.

घरी बायको ठकू म्हणाली, "अहो, गादीत गोळा झालाय. बघा जरा."

गेनबाने गादी उसवली. सगळा कापूस काढला, नदीवर धुतला, ओलाच भरला. ठकू बसली ती पचकन.

"अहो शहाणे, धुतलेलं आधी वाळवावं, मग भरावं!"

"बरं."

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "हंडा धुऊन भरून ठेवा." गेनबाने हंडा धुतला, उन्हात पालथा घातला. दिवस कलला तरी घरात थेंब नाही.

"पाणी कुठंय?"

"हंडा वाळतोय."

तिसऱ्या दिवशी बाईंनी दाढ भरली. म्हणाल्या, "मागच्या वेळी एक भोक भरायचं राहिलं, म्हणून दुखलं. आता एकही उघडं नाही."

गेनबाने घरी येऊन मोरी बुजवली. मग चाळणी लिंपली.

"आता पीठ काय बोटांनी चाळू?" ठकू ओरडली.

"ते बघ तुझं तू. पण आता दुखायचं नाही."

लग्नाचा दिवस उजाडला. दाढ ठणठणीत. मुहूर्त आला. भटजी ओरडले, "वाजवा!"

गेनबाने गाल फुगवले. आवाज नाही. सनईची सगळी भोकं त्याने मेणाने बुजवली होती.

"एकही राहू दिलं नाही," तो ऐटीत म्हणाला.

अक्षता मुकाट पडल्या. हरबा रडकुंडीला आला. "गेनबा, माझ्या लेकीचं लग्न अर्धवट केलंस रे!"

गेनबा दचकला. "अर्धवट? मग उघडावं लागेल."

त्याने नवरानवरीचे हार काढले. दोघांना मांडवाबाहेर बसवलं. भटजींना पाटासकट उचललं. पडलेल्या अक्षता झाडून घेतल्या. मग तळाशी हात घालून मांडवाची मधली मेढ उपटली.

मांडव वऱ्हाडावर बसला. माणसं रांगत बाहेर आली. सगळ्यांत शेवटी हरबा, बोडका.

गेनबाने वाकून आत पाहिलं. त्याचं समाधान झालं.

"स्वच्छ झालं, हरबा. आता भर पुन्हा."